दिसणारा सांधा

फिरत्या टॉकीजच्या तंबूत ज्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्यांना चित्र उडी मारतं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नायिका विहिरीकडे चाललेली असते आणि एकाएकी काठावर पोचलेली दिसते. मधली चार पावलं ऑपरेटरच्या कात्रीत गेलेली असतात. एकच प्रिंट जत्रांमागून जत्रा फिरायची, तिच्या कडेची भोकं फाटायची, कधी दिव्याच्या धगीनं चौकटी करपायच्या. ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकी, टोकं खरवडून फिल्म-सिमेंटनं जॉइंट मारी आणि रीळ पुन्हा चढवी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ धावतात. म्हणजे फूटभर फिल्म गेली की दोन तृतीयांश सेकंद कायमचा गेला. शिवाय आवाजाची पट्टी त्या त्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असते. त्यामुळे आधी चित्र उडे आणि मग जवळजवळ सेकंदभरानं संवादातला एखादा शब्द गिळला जाई. तंबूत एकच गिल्ला होई. पैसे देऊन बसलेल्या माणसाला कळलेलं असे की इथून काहीतरी काढलंय आणि ते आपल्याला दिसलेलं नाही.

संकलनाच्या परिभाषेत या उडीला जंप कट म्हणतात. त्याची व्याख्या सोपी आहे. तोच माणूस, जवळपास तोच कोन, चौकटीतला तेवढाच आकार, फक्त मधला काळ काढलेला. खुर्चीवर बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रणातून पाच सेकंद कापा आणि टोकं जुळवा. मान डावीकडे होती ती उजवीकडे येते, हात मांडीवर होता तो हनुवटीला लागतो. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही एडिट रूममध्ये ‘इथे जंप येतोय’ हे वाक्य तक्रारीच्या सुरातच ऐकू येतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: एखादं व्हिज्युअल लाव, झाकून टाक.

उडी का खटकते, याचं मला पटलेलं उत्तर वॉल्टर मर्च यांनी दिलं आहे. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे हे संकलक. कट या विषयावरच्या आपल्या छोट्या पुस्तकात ते मधमाश्यांचा दाखला देतात. पोळं रात्रीतून दोन मैल दूर नेलं तर सकाळी माश्यांना सगळंच अनोळखी दिसतं आणि त्या नव्यानं वाट शिकतात. दोनच यार्ड सरकवलं तर मात्र त्या जुन्या जागी परत येऊन घिरट्या घालत राहतात. डोळ्याचंही तसंच आहे. स्वयंपाकघरातून थेट रेल्वे स्टेशनवर नेलं तर प्रेक्षक निमूट येतो; त्याच स्वयंपाकघरात, त्याच बाईच्या चेहऱ्यावर, वीतभर सरकवलं तर तो अडखळतो. म्हणूनच कोन किमान ३० अंशांनी बदलल्याशिवाय त्याच विषयावर कट करू नये, असा नियम शिकवतात. हालचाल चालू असताना कापावं, नजरेची दिशा सांभाळावी, दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडू नये, हे त्याचेच सख्खे नियम. मूकपटांच्या काळापासून हॉलिवूडनं हे सगळं घोटून घोटून पक्कं केलं. चांगल्या संकलनाची खूण एकच, ते दिसू नये. हजारो तुकडे जोडलेला चित्रपट सलग वाटावा.

या नियमांच्याही आधी, सिनेमा जेमतेम जन्मला होता तेव्हा, ही उडी जादू म्हणून वापरली जात होती. जॉर्ज मेलिएस मूळचा रंगमंचावरचा जादूगार. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला, थोड्या वेळानं पुन्हा चालू झाला आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची शववाहिका झाली, असं तो स्वतः सांगायचा. हकिगत फार नीटस आहे आणि इतिहासकार तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. १८९६ मधली त्याची बाई गायब करण्याची फिल्म मात्र खरी आहे. खुर्चीतल्या बाईवर कापड टाकायचं, कॅमेरा थांबवायचा, बाईला उठवायचं, पुन्हा सुरू करायचं. अभ्यासकांनी मेलिएसच्या प्रिंट तपासल्या तेव्हा त्यांत बारीक सांधे सापडले. कॅमेरा थांबवून तो समाधानी नव्हता; नंतर टेबलावर बसून चौकटी मोजून कापत होता, म्हणजे उडी कळू नये.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांची सुरुवातही याच युक्तीच्या शेजारून झाली. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराला पटवायला त्यांनी कथापट काढला नाही. कुंडीतलं वाटाण्याचं रोप टप्प्याटप्प्यानं टिपलं आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवली. मधले तास आणि दिवस गाळून उरलेल्या क्षणांची ती माळ होती. गाळलेला काळ इतक्या समान तुकड्यांत गाळला की बघणाऱ्याला वाढच दिसली, गाळणं दिसलं नाही. पुढे त्यांच्या पौराणिक चित्रपटांत देव हवेतून प्रकट होऊ लागले तेही थांबवलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर.

गाळलेलं दिसू द्यायचं, हे धाडस व्हायला जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं. त्याचं श्रेय बहुतेक जण एकट्या ज्याँ-लुक गोदारला देतात. ते पुरतं न्याय्य नाही. त्याच्या आधी १९५८ मध्ये ज्याँ रूश या मानववंशशास्त्रज्ञानं आफ्रिकेत आबिजानच्या त्रेशव्हिल वस्तीत ‘म्वा, अँ न्वार’ हा चित्रपट केला. त्याच्याजवळ चावीचा कॅमेरा होता; एकदा चावी दिली की जेमतेम वीस-पंचवीस सेकंद चालायचा. शॉट तुटायचे ते यंत्रामुळे आणि तुटलेले शॉट रूशनं तुटलेलेच जोडले. वर तिथल्याच माणसाचा आवाज सलग वाहत ठेवला. संकलकांत मारी-जोझेफ योयोत होत्या. गोदारनं हा चित्रपट पाहिला होता आणि त्याचं त्याला मोठं अप्रूप होतं.

मग गोदारचा ‘ब्रेथलेस’. १९५९ च्या उन्हाळ्याअखेरीस पॅरिसच्या रस्त्यांवर चित्रण झालं आणि मार्च १९६० मध्ये चित्रपट लागला. छायाचित्रकार राउल कुतार इंडोचायनात युद्धाची छायाचित्रं काढून आलेला. कॅमेरा हातात धरलेला. ट्रॉलीऐवजी चाकांची खुर्ची. कॅमेरा एवढा आवाज करायचा की संवाद नंतर डब करावे लागले, आणि ही अडचण पुढे कामी आली. कच्चं जुळवलेलं चित्र फारच लांबलं होतं. करार दीड तासाच्या चित्रपटाचा होता. अशा वेळी रूढ रीत म्हणजे काही प्रसंग अख्खे काढून टाकायचे. चित्रपटात लेखकाची छोटी भूमिका करणाऱ्या दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलव्हिलनं तोच सल्ला दिल्याचं सांगितलं आहे. माझाही प्रसंग काढ, असं तो म्हणाला होता. गोदारनं प्रसंग ठेवले आणि प्रसंगांच्या पोटात कात्री चालवली.

मोटारीतला प्रसंग याचा नमुना म्हणून जगभर शिकवला जातो. नायक मिशेल (बेलमोंदो) उघडी मोटार चालवतोय, पॅट्रिशिया (जीन सीबर्ग) शेजारी बसली आहे. कॅमेरा मागच्या सीटवर. आपल्याला फक्त तिची मान, कापलेले केस, अधूनमधून गाल दिसतो. मिशेल तिच्या एकेका अवयवाचं कौतुक करत जातो आणि त्याच्या जवळपास प्रत्येक शब्दसमूहागणिक चित्र तुटतं. ऊन असतं तिथे सावली येते, मागची दुकानं बदलतात. आवाज मात्र एकसंध राहतो. हा प्रसंग दोघांच्या आलटून पालटून घेतलेल्या शॉटचा होता. दोघांचं थोडं थोडं कापण्याऐवजी नाणं उडवलं, बेलमोंदो गेला आणि जीन सीबर्ग राहिली, असं गोदारनं पुढे सांगितलं आहे. नाण्याची गोष्ट शब्दशः घ्यायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. परिणाम पडद्यावर आहे. प्रेमात बोलणारा माणूस समोरच्या मुलीला नीट बघतही नाहीये, तिचे तुकडे मोजतोय, हे त्या तुटण्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही संवादातून कळलं नसतं. आणि त्याच वेळी प्रेक्षकाला हेही कळत राहतं की कुणीतरी टेबलावर बसून हे कापलं आहे.

ते टेबल सेसिल देक्युजिस यांचं होतं. सिनेमाच्या गप्पांमध्ये त्यांचं नाव क्वचितच निघतं. अल्जेरियाच्या स्वातंत्र्यलढ्याला मदत केल्याबद्दल १९६० मध्येच त्यांना अटक झाली. ज्या चित्रपटानं संकलनाची भाषा बदलली तो जगभर गाजत होता, गोदारला बर्लिनला दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं, आणि संकलिका पॅरिसच्या तुरुंगात होती. दोन वर्षं त्या आत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी एरिक रोमेरसाठी ‘माय नाइट ॲट मॉड्स’ आणि ‘क्लेअर्स नी’ संकलित केले. संथ, बोलके चित्रपट, उडीचा मागमूस नसलेले. एकच हात दोन्ही करू शकतो हे मला महत्त्वाचं वाटतं. उडी ही अडाणीपणाची किंवा बंडखोरीची सवय नव्हती. त्या प्रसंगाला काय हवं याचा तो निर्णय होता.

त्याच १९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. संकलन हा तिथला स्वतंत्र अभ्यासक्रम झाला आणि गोदार, त्रुफो या फ्रेंच नवलाटेच्या दिग्दर्शकांचे चित्रपट तिथल्या मुलांच्या शिकण्याचा भाग झाले. याच संस्थेतून आलेल्या के. के. महाजन यांनी मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) टिपला. आपल्या सुहासिनी मुळे यांचा तो पहिला चित्रपट. फ्रेंच नवलाटेच्या खोड्या सेन यांनी त्यात मोकळेपणानं वापरल्या आहेत. याच संस्थेच्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’पासून ‘गॉडमदर’पर्यंत चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. कथापटात उडीला प्रतिष्ठा कशी मिळाली याचा इतिहास इथे संपवला तरी चालेल. पुढे ती जाहिरातीत गेली, संगीताच्या व्हिडिओत गेली, आणि कुणालाच खटकेनाशी झाली.

मला बोलायचं आहे ते बातमीबद्दल, मुलाखतीबद्दल आणि माहितीपटाबद्दल. तिथे पडद्यावर पात्र नसतं. तिथे खरा माणूस असतो आणि तो जे बोलला ते त्याच्या नावावर जमा होतं.

नेता वीस मिनिटं बोलतो, बातमीत पंधरा सेकंदांची बाईट जाते. हे अटळ आहे आणि त्यात गैर काही नाही. ते पंधरा सेकंद सलग असतील तर प्रश्नच नाही. पण अनेकदा पहिलं वाक्य चौथ्या मिनिटातलं असतं आणि दुसरं सतराव्या. जोडलं की जंप येतो. मग तो झाकायला काहीतरी लागतं: नेत्याच्या बोटातली अंगठी, टेबलावरची फुलदाणी, गर्दीचा शॉट किंवा मान डोलावणारा वार्ताहर. हे मान डोलावणं पुष्कळदा पाहुणा निघून गेल्यावर, रिकाम्या खुर्चीसमोर चित्रित केलेलं असतं. इंग्लंडच्या वाहिन्यांत त्याला ‘नॉडी’ म्हणतात. चित्र झाकलं की आवाज मोकळा होतो. खालच्या खाली वाक्यं कापता येतात, क्रम बदलता येतो, एका वाक्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवता येतं. रिॲलिटी शोच्या संकलकांनी अशा जोडलेल्या वाक्याला ‘फ्रँकनबाइट’ असं नावच दिलं आहे. अंगठीकडे बघताना प्रेक्षकाला संशय येण्याचं काही कारण नसतं. फुलदाणी खरी, आवाज खरा, शब्द खरे. खोटी असते ती फक्त त्यांची सलगता.

२००७ साली इंग्लंडमध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. राणी एलिझाबेथवरच्या बीबीसीच्या मालिकेची झलक पत्रकारांना दाखवण्यात आली. छायाचित्रकार ॲनी लीबोव्हित्झ राणीला मुकुट काढायला सुचवते आणि राणी रागानं तरातरा निघून जाते, असं त्यात दिसत होतं. प्रत्यक्षात ते चालणं छायाचित्रणाला येतानाचं होतं. दोन खरे शॉट उलट्या क्रमानं ठेवले आणि न घडलेली गोष्ट घडली. बीबीसीनं माफी मागितली आणि ऑक्टोबरात बीबीसी वनचे प्रमुख पीटर फिंचम यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाइव्ह न्यूज या दुसऱ्या वाहिनीच्या बातम्यांचे संपादक डेव्हिड करमोड यांनी नॉडी आणि तसल्या बनवून घेतलेल्या शॉटवर आपल्याकडे बंदी घातली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही, कायदा लागला नाही; झाकायचं नाही एवढं ठरवलं.

धडा सगळ्यांनी घेतला असं मात्र झालं नाही. ‘पॅनोरमा’ या बीबीसीच्याच प्रतिष्ठित कार्यक्रमानं २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातले दोन भाग जोडले. मूळ भाषणात त्यांच्यामध्ये पन्नास मिनिटांहून अधिक अंतर होतं. कॅपिटॉलकडे चालत जाऊ हे एका ठिकाणचं आणि लढण्याची भाषा दुसऱ्या ठिकाणची. जोडल्यावर तो हिंसेचा सरळ आदेश वाटला. वर्षभरानं प्रकरण बाहेर आलं, आणि पेटलेल्या वादात नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस दोघांनीही राजीनामे दिले. ट्रम्प यांच्याबद्दल कुणाचं काय मत आहे याच्याशी याचा संबंध नाही. ते भाषण सलग ऐकून कठोर निष्कर्ष काढायला हरकत कसली? पण दोन वाक्यांमधली पन्नास मिनिटं गेली आहेत हे बघणाऱ्याला कळायला हवं होतं. मध्ये एक पांढरी चमक, एक तारा, एक दिसणारी उडी पुरली असती.

आपल्याकडे ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. बोलणारा कधी सुटका करून घेण्यासाठी म्हणतो, कधी ते खरंच असतं. सामान्य प्रेक्षकाकडे निवाडा करायला काहीही साधन नसतं, कारण सांधा लपवलेला असतो. बाईटमध्ये उडी दिसली असती तर त्याला निदान एवढं कळलं असतं की इथे कापलंय, मूळ भाषण शोधलं पाहिजे. उडी नसती तर तेही कळलं असतं की नेता आता खोटं बोलतोय. दिसणारा सांधा वार्ताहराचंही रक्षण करतो, हे आपल्या वाहिन्यांच्या लक्षात का येत नाही याचं मला खरोखर दुःख वाटतं.

आणि आता झाकायला अंगठीसुद्धा लागत नाही. अडोबीच्या प्रीमियर प्रोमध्ये २०१५ पासून ‘मॉर्फ कट’ आहे. ॲव्हिडमध्ये त्याच कामाचं ‘फ्लुइड मॉर्फ’ आहे. संगणक कटाच्या अलीकडचा आणि पलीकडचा चेहरा तपासतो आणि मधल्या चौकटी स्वतः तयार करतो. डावीकडची मान हळूच उजवीकडे येते. त्या चौकटी कॅमेऱ्यानं कधीच टिपलेल्या नसतात. त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा तसा नव्हताच. ‘अं’, ‘म्हणजे’, अडखळणं, थांबणं एका बटणासरशी काढून टाकता येतं. प्रश्न ऐकून एखादा मंत्री चार सेकंद गप्प बसला, तर त्या चार सेकंदांइतकं महत्त्वाचं त्या मुलाखतीत दुसरं काही नसेल. ते काढून वर गुळगुळीत मुलामा देणं याला मी तांत्रिक सफाई म्हणायला तयार नाही.

गंमत अशी की ज्या माध्यमाला आपण उथळ म्हणतो, तिथे उडी उघडपणे नांदते आहे. २००६ मध्ये झे फ्रँक यानं इंटरनेटवर रोजचा छोटा कार्यक्रम सुरू केला. कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं आणि श्वास, थांबे सगळे कापून टाकायचे. चेहरा टकटक उडत राहायचा. पुढे यूट्यूबवर ती रीतच झाली. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात रील्स आल्या आणि गावोगावच्या मुलामुलींनी मोबाइलवर हेच संकलन सुरू केलं. सांगलीतला द्राक्षबागायतदार औषध फवारणीची माहिती देताना दर वाक्याला उडी मारतो आणि त्याच्या शेतकरी प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही. त्यानं कापलंय हे दोघांनाही माहीत आहे. साठहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसच्या समीक्षकांना जे पचवायला जड गेलं ते आज खेड्यातला माणूस सहज वाचतो. तेव्हा ‘आपल्या प्रेक्षकाला जंप खटकेल’ ही वाहिन्यांची सबब आता उरलेली नाही.

उडी दाखवली म्हणजे प्रामाणिकपणा आला, असं मात्र कुणी समजू नये. उड्या दाखवूनही एखाद्याच्या बोलण्याचा पुरता अर्थ फिरवता येतो. दहा जंप कटांत सज्जन माणसाला माथेफिरू ठरवलेल्या रील्स रोज फिरतात. आणि काही वेळा झाकणं हेच माणुसकीचं असतं. अत्याचार सोसलेली बाई बोलता बोलता कोसळते, तिचं रडणं काढून संकलक मध्ये खिडकीचा शॉट लावतो, तेव्हा त्यानं योग्यच केलेलं असतं. कुठे कापायचं हा निर्णय शेवटी माणसाच्या सदसद्विवेकावरच राहणार. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या शब्दांवरून त्याचा न्याय होणार आहे, त्याच्या तोंडचे शब्द मध्ये तोडले असतील तर तुटलेलं दिसलं पाहिजे. लेखात अवतरणातला मजकूर गाळताना आपण तीन टिंबं देतो आणि न दिली तर संपादक कान धरतो. पडद्यावर ती टिंबं देण्याची सोय १९६० पासून सर्वांना माहीत आहे.

मराठी वृत्तवाहिन्यांनी आपल्या संकलकांसाठी दोन ओळींचा नियम करावा: मुलाखतीत आणि बाईटमध्ये कापलेल्या जागी उडी राहू द्यायची किंवा स्पष्ट खूण द्यायची, मॉर्फ कट वापरायचा नाही. याला पैसा लागत नाही, उलट व्हिज्युअल शोधायचा वेळ वाचतो. आणि वाचकहो, आज रात्री बातम्या लावाल तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा सोडून चित्र त्याच्या हातांवर किंवा गर्दीवर गेलं, तर नेमकं त्याच क्षणी नीट कान द्या. शंका आली तर मूळ भाषण शोधा. ते बहुतेक वेळा पूर्ण लांबीचं इंटरनेटवर असतं.